ज्याला परवडेल त्याला इम्प्लांट, उरलेल्यांना साधी कवळी: असा अभ्यास टिकेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमडीएस प्रोस्थोचं (कवळी आणि कृत्रिम दातांच्या पदव्युत्तर शिक्षणाचं) पहिलं वर्ष, सिनॉप्सिस म्हणजे थिसिसचा आराखडा तोंडावर आलाय. विषय ठरलाय: तोंडात एकही दात न उरलेल्या पेशंटच्या खालच्या जबड्यात साधी कवळी विरुद्ध दोन इम्प्लांटवरची ओव्हरडेंचर, म्हणजे हाडात बसवलेल्या दोन कृत्रिम मुळांवर अडकणारी कवळी. गाईडनी दोन्ही गटांत पंधरा-पंधरा असे ३० पेशंट सांगितलेत. विचारणाऱ्याच्या शंका तीन. ३० पुरतील का? तोंडाच्या त्रासाचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो हे विचारणारी ओहिप-१४ ही प्रश्नावली आपणच मराठीत करून वापरली तर चालेल का? आणि कॉलेज इम्प्लांटचा खर्च उचलणार नाही, तेव्हा ज्यांना पैसे भरता येतील त्यांना ओव्हरडेंचर आणि बाकीच्यांना साधी कवळी अशी विभागणी केली तर काही हरकत आहे का?

तिसरी शंका जाता जाता विचारल्यासारखी शेवटी आलीय, पण सगळी मेख तिथेच आहे. आकडा वाढवता येतो, प्रश्नावली बदलता येते. पेशंट कुठल्या गटात जाणार हे त्याच्या खिशातल्या पाकिटावरून ठरलं, तर पुढे कितीही काटेकोर मोजमाप केलं तरी ते कशाचं मोजमाप आहे हे सांगता येणार नाही.

दोन इम्प्लांटचे पैसे भरू शकणारा पेशंट आणि न भरू शकणारा पेशंट यांच्यात फक्त इम्प्लांटचा फरक नसतो. पहिल्याचं वय बहुधा कमी असतं, मुलगा-सून गाडीने आणून सोडतात, साखर औषधावर काबूत असते, दात काढून फार वर्षं झालेली नसतात, त्यामुळे हाडही बरं असतं. दुसरा दहा वर्षं बिनदाताचा, हिरड्यांवर जेवायची सवय झालेला, तपासणीला यायचं तर एक दिवसाची मजुरी बुडवणारा. सहा महिन्यांनी पहिल्याचा स्कोअर चांगला आला तर श्रेय इम्प्लांटचं, हाडाचं की सुनेचं? त्यात एक मानवी गोष्ट आणखी आहे. स्वतःचे पैसे मोजलेल्या माणसाला 'फारसा फरक पडला नाही' असं म्हणणं जड जातं. तुमचा मुख्य निष्कर्ष पेशंटच्या समाधानावर उभा असेल तर हा कल थेट निकालात उतरतो. स्टॅटिस्टिशियन म्हणतील की वय, हाड, उत्पन्न सगळं रिग्रेशनमध्ये टाकू, म्हणजे त्यांचा परिणाम हिशोबाने वेगळा काढू. ३० पेशंटमध्ये एवढे घटक टाकायला जागाच नसते, आणि जे मोजलेलंच नाही ते टाकणार कसं?

नैतिक बाजूही आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या उपचाराबाहेरचा, संशोधनापुरता लागणारा खर्च सहभागी व्यक्तीकडून घ्यायचा नसतो. एथिक्स कमिटीतल्या कुणी 'इम्प्लांटचे पैसे कोण देणार?' एवढं विचारलं की तुम्हाला उत्तर द्यावं लागणार आहे. ते आत्ताच तयार हवं.

मग पर्याय काय? हे तुमच्या विभागाकडे काय आहे यावर अवलंबून आहे.

विभागाला सवलतीत किंवा अनुदानातून इम्प्लांट मिळत असतील तर सगळ्यांनाच इम्प्लांट द्या, फक्त वेळ चिठ्ठीने ठरवा. म्हणजे सगळ्यांना आधी नवी कवळी, मग निम्म्यांना लगेच इम्प्लांट आणि निम्म्यांना अभ्यास संपल्यावर. कुणी वंचित राहत नाही, आणि तुलनाही खरी होते. कंपनीकडून इम्प्लांट मिळाले तर ते थिसिसमध्ये आणि संमतीपत्रात उघड लिहा. मोजमाप आणि विश्लेषण कंपनीच्या माणसाच्या हातात जाऊ देऊ नका.

स्वखर्चाने इम्प्लांट करणारेच पेशंट तुमच्याकडे येत असतील तर साध्या कवळीशी तुलना सोडून द्या. सगळे ओव्हरडेंचरचेच घ्या आणि कवळी इम्प्लांटला अडकवणारी जोडणी बॉल की लोकेटर हे चिठ्ठीने ठरवा. दोन्हींचा खर्च पेशंटला सारखाच पडला पाहिजे, फरकाची रक्कम विभागाने भरायची. नाहीतर पाकीट पुन्हा मागच्या दाराने आत येतं.

आणि इम्प्लांटचं काहीच जमण्यासारखं नसेल, तर मला विचाराल तर सगळ्यात चांगला थिसिस तिथेच होतो. कारण स्पष्ट सांगतो. दोन इम्प्लांटवरची ओव्हरडेंचर खालच्या जबड्यात साध्या कवळीपेक्षा सरस आहे का, हा प्रश्न आता ताजा राहिलेला नाही. माँट्रियलमधल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या सहमतीने तिला खालच्या बिनदाती जबड्यासाठी पहिल्या पसंतीचा उपचार म्हटलं, आणि २००९ च्या यॉर्क सहमतीने त्याला दुजोरा दिला. तुमचे ३० पेशंट त्यात फार भर घालणार नाहीत. पण तुमच्या ओपीडीत येणाऱ्या बहुतेकांना साधी कवळीच मिळणार आहे, आणि ती जास्त चांगली कशी करायची यावर काम कमी आहे. हाड पार झिजलेल्या खालच्या जबड्यात न्यूट्रल झोनने (जीभ आणि गाल-ओठ यांचा दाब समतोल होतो त्या जागेत दात बसवून) केलेली कवळी नेहमीच्या पद्धतीपेक्षा बरी पडते का? नेहमीच्या पाच-सहा भेटींऐवजी कमी भेटींत केलेली कवळी तेवढीच चालते का? दुसऱ्या प्रश्नावर मॅकगिलमधल्याच गटाने २००५ मध्ये दाखवलं की सोप्या पद्धतीने केलेल्या कवळ्या पारंपरिक पद्धतीच्या कवळ्यांपेक्षा पेशंटच्या मते कमी नव्हत्या. एसटीने दोन तास प्रवास करून येणाऱ्या पेशंटसाठी हा प्रश्न किती मोलाचा आहे हे तुम्हाला सांगायला नको.

कवळीच्या दोन पद्धतींची तुलना असेल तर क्रॉसओव्हर करता येतो, म्हणजे प्रत्येक पेशंट दोन्ही कवळ्या आळीपाळीने वापरतो. एकाच वरच्या कवळीसमोर खालच्या दोन कवळ्या करायच्या. व्हर्टिकल डायमेन्शन (दात मिटल्यावरची चेहऱ्याची उंची) तेच, दातांचा साचा तोच, लॅब आणि टेक्निशियन तेच. आधी कुठली द्यायची ते चिठ्ठीने. दोन महिने एक, दोन महिने दुसरी, आणि शेवटी एकच सवाल: 'यातली कुठली घरी न्याल?' पेशंटला कुठली कवळी कुठल्या पद्धतीची हे सांगायची गरज नसते, त्यामुळे इम्प्लांटच्या अभ्यासात जे कधीच जमत नाही ते ब्लाइंडिंग इथे होतं. मोजमाप प्रत्येक कालखंडाच्या शेवटी घ्या, मध्ये नाही. दुसरी कवळी घातल्यावर पहिले दोन-तीन आठवडे जीभ-गाल पहिलीच्या सवयीने हलत असतात.

विषय बदलणं शक्यच नाही असं धरून पुढे बोलू.

नव्या ओव्हरडेंचरची तुलना पेशंटच्या जुन्या कवळीशी करू नका. थिसिसमध्ये ही चूक सर्रास दिसते. पेशंट आठ वर्षांची, दात झिजलेली, व्हर्टिकल खाली बसलेली कवळी घालून येतो, त्याला नवी कवळी आणि इम्प्लांट दोन्ही एकदम मिळतं, आणि सुधारणेचं सगळं श्रेय इम्प्लांटला. म्हणून क्रम असा ठेवा. दोन्ही गटांना आधी वर-खाली नवी कवळी. बसवल्यावर एका दिवसाने, तीन दिवसांनी आणि आठवड्याने तपासणी. प्रेशर इंडिकेटर पेस्ट लावून टोचणाऱ्या जागा काढायच्या. शेवटची घासणी झाल्यावर किमान चार ते सहा आठवडे पेशंटने तिच्यावर जेवलं पाहिजे. मग बेसलाइन, म्हणजे सुरुवातीचं मोजमाप, नोंदवा. आणि गट ठरवणारी चिठ्ठी त्यानंतर उघडा, आधी नाही. गट आधी कळला तर साध्या गटाच्या कवळ्या करताना हात नकळत सैल पडतो.

मग इम्प्लांट गटात तीच कवळी ओव्हरडेंचर करायची, नवी नाही. इथे एक तांत्रिक ठिकाण आहे जिथे अनेकांची कवळी अडकते, अक्षरशः. तोंडात पिक-अप करताना, म्हणजे अबटमेंटवरची (इम्प्लांटच्या वर येणाऱ्या भागावरची) कॅप कवळीत पकडून घेताना, अबटमेंटखालचा अंडरकट (आत वळलेली खाच) रबर डॅमच्या तुकड्याने किंवा किटमधल्या ब्लॉक-आउट स्पेसरने झाकला नाही, तर सेल्फ-क्युअर अ‍ॅक्रिलिक तिथे शिरून घट्ट होतं आणि कवळी निघत नाही. कवळीत त्या जागी खड्डा एवढा करा की कॅप बसवल्यावर कवळी हिरडीवर पूर्ण टेकली पाहिजे, कॅपला कुठेही लागता कामा नये. जिभेच्या बाजूला जादा मटेरियल निघायला छोटं भोक ठेवा. अ‍ॅक्रिलिक थोडंच भरा. ते सेट होईपर्यंत पेशंटला हलक्या सेंट्रिकमध्ये (दात नेहमीच्या जागी नुसते टेकवून) धरायला सांगा, जोरात चावायला नाही. जोरात चावलं की खालची हिरडी दबलेल्या स्थितीत कॅप पकडली जाते, हिरडी परत फुलली की कवळी इम्प्लांटवर डोलायला लागते, आणि पुढे कॅप लवकर झिजते किंवा अबटमेंटवरचं पातळ अ‍ॅक्रिलिक तडकतं. हे सगळं तुमच्या आउटकममध्ये 'ओव्हरडेंचरची गुंतागुंत' म्हणून मोजलं जाईल, आणि तो दोष उपचाराचा नसून पिक-अपचा असेल. म्हणून अभ्यास सुरू होण्याआधी चार-पाच पिक-अप मॉडेलवर करून हात बसवून घ्या.

साध्या गटाच्या मोजमापाच्या तारखाही जुळवून घ्या. खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवून तीन महिने थांबून लोडिंग (त्यावर कवळी अडकवणं), आणि त्यानंतर सहा महिन्यांनी मोजमाप, असं असेल तर इम्प्लांट गटाचं मोजमाप चिठ्ठी उघडल्यापासून नवव्या महिन्यात होतं. साध्या गटाचंही नवव्याच महिन्यात घ्या. तिथे सहाव्या महिन्यात घेतलं तर एका गटाला कवळीची सवय व्हायला तीन महिने जास्त मिळाले.

आता आकडा. दोन गटांच्या सरासरीतला फरक शोधायचा असेल तर दर गटात लागणारे पेशंट साधारण १५.७ गुणिले एसडीचा (स्कोअर सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाचा) वर्ग भागिले शोधायच्या फरकाचा वर्ग. पाच टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरून हे होतं. समजा तुम्ही ओहिप-एडेंट (बिनदाती पेशंटसाठीची ओहिप, पुढे सांगतो) वापरताय, १९ प्रश्न, स्कोअर ० ते ७६. पायलटमधून (आधीच्या छोट्या चाचणीतून) एसडी १२ आला आणि पेशंटला जाणवेल असा फरक तुम्ही ९ गुणांचा धरलात. १५.७ गुणिले १४४ भागिले ८१ म्हणजे २७.९, दर गटात २८. वीस टक्के पेशंट मध्येच गळतील असं धरलं तर २८ भागिले ०.८, म्हणजे ३५. बेसलाइनचा स्कोअर विश्लेषणात घेतला, म्हणजे अँकोव्हा केला, आणि बेसलाइन-शेवट यांचं कोरिलेशन (परस्परसंबंध) ०.५ असलं तर लागणारी संख्या चौथाईने कमी होते: २१, आणि गळतीसह २७.

उलट बाजूने बघा. पंधरा-पंधरामध्ये काय सापडतं? साधारण एक एसडीएवढा फरक, म्हणजे इथे १२ गुणांचा. प्रत्येक गटातून तिघे गळाले तर जवळपास १४ गुणांचा. इम्प्लांटने कवळी घट्ट बसते, त्यामुळे समाधानाच्या स्कोअरमध्ये एवढा मोठा फरक येऊही शकतो. म्हणून 'पंधरा चुकीचे' असं मी म्हणणार नाही. पण गाईडना 'विभागात आजवर पंधराच घेत आलोत' यापेक्षा चांगलं कारण लिहावं लागेल, आणि १२ पेक्षा लहान फरक आला तर 'फरक नाही' असं लिहायचा अधिकार तुम्हाला उरणार नाही. 'आमच्या अभ्यासाला तो दिसला नसता' एवढंच लिहिता येईल.

वर सांगितलेल्या क्रॉसओव्हरचा हिशोब याच जोडीने पाहा. एसडी १२, फरक फक्त ६ गुणांचा शोधायचाय. दोन वेगळ्या गटांत प्रत्येकी ६३ लागतील, एकूण १२६. क्रॉसओव्हरमध्ये प्रत्येक पेशंट स्वतःशीच ताडला जातो. दोन कवळ्यांच्या स्कोअरमधल्या फरकाचा एसडी १२ असेल तर सगळे मिळून ३२ पुरतात, गळतीसह ४०. विषय बदला असं मी का सुचवतोय ते यावरून लक्षात येईल.

प्रश्नावलीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण मराठीत काम करताना खरी माती इथे होते.

पहिली गोष्ट, ओहिप-१४ बिनदाती पेशंटसाठी तोकडी आहे. ती ४९ प्रश्नांच्या मूळ ओहिपमधून १९९७ मध्ये छाटून काढली गेली, आणि त्या छाटणीत चावण्याच्या अडचणीचा सरळ प्रश्न गेला. 'जेवताना त्रास होतो का' आहे, 'चावता येतं का' नाही. कवळीच्या अभ्यासात चावण्याचा प्रश्नच नसावा हे अजब आहे. २००२ मध्ये खास बिनदाती लोकांसाठी निवडलेल्या १९ प्रश्नांची ओहिप-एडेंट आली, ती घ्या.

दुसरी गोष्ट, आपणच भाषांतर करून वापरायची नाही. आधी मराठीत तपासून घेतलेली आवृत्ती प्रसिद्ध झालीय का ते शोधा. असेल तर तिच्या कर्त्यांची परवानगी घ्या आणि ती कुठल्या भागातल्या, कुठल्या वयाच्या लोकांवर तपासली ते बघा. नसेल तर रीतसर करा. दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं, त्यातला एक दंतवैद्यक नसलेला. दोन्ही एकत्र करून एक मसुदा. मग इंग्रजी मूळ न पाहिलेल्या दोघांनी तो परत इंग्रजीत करायचा. कुठे अर्थ सरकला ते समितीत बसून बघायचं, आणि तीसेक पेशंटना वाचून दाखवून प्रत्येक प्रश्नाला 'तुम्हाला यातून काय कळलं?' विचारायचं. याला दोन-अडीच महिने जातात, ते वेळापत्रकात धरा.

यातून काय निघतं याचे नमुने देतो. मूळ इंग्रजीत उत्तरांच्या पाच पायऱ्या आहेत. त्यातली दुसरी 'क्वचित' आणि तिसरी 'कधीकधी' केली तर बऱ्याच पेशंटना दोन्ही सारखेच वाटतात. 'क्वचित' हा शब्द बोलण्यात येतोच कुठे? 'कधीच नाही, एखाद्‌दुसऱ्या वेळी, अधूनमधून, बरेचदा, नेहमीच' हे जास्त नीट वेगळं पडतं. पण तेही तुमच्या पेशंटवर तपासा; विदर्भात आणि कोकणात एकच शब्द सारखाच लागेल असं नाही. दुसरा नमुना: चारचौघांत अवघडल्यासारखं होतं का, हा एक प्रश्न, आणि लाज वाटते का, हा वेगळा. भाषांतरात दोन्हीकडे 'लाज' आलं की पेशंट म्हणतो, 'आत्ताच तर सांगितलं.' सत्तरीच्या आजींना 'लाज' म्हटलं की 'या वयात कसली लाज' असं हसून उत्तर येतं आणि शून्य पडतं. त्याच आजी लग्नात पंगतीला बसत नाहीत, मागाहून स्वयंपाकघरात जेवतात. 'चार लोकांत जेवायला बसायचं टाळता का' असं विचारलं की खरं उत्तर निघतं.

खाण्याबद्दलही तसंच. 'भाकरी खाता येते का?' याला जवळजवळ सगळे 'हो' म्हणतात. कशी खाता विचारा. दुधात किंवा आमटीत कुस्करून, काला करून. ते चावणं नाही, ते गिळणं आहे. म्हणून 'भाकरीचा तुकडा कोरड्या भाजीशी, न भिजवता, चावून खाता का' असा प्रश्न हवा. शेंगदाणे, कच्चा कांदा, काकडी, पेरू या प्रत्येकाचं वेगळं विचारा: चावून खातो, कापून किंवा किसून खातो, खातच नाही. ही छोटी यादी ओहिपच्या जागी नाही, सोबत ठेवा.

तिसरी गोष्ट काळाची. मूळ प्रश्नावली मागच्या बारा महिन्यांबद्दल विचारते. तुम्ही तीन किंवा सहा महिन्यांनी तीच विचारली तर उत्तरात जुन्या कवळीचा काळही मिसळतो. 'गेल्या एक महिन्यात' करा, आणि दरवेळी तेवढंच ठेवा.

चौथी: विचारणार कोण? ज्या डॉक्टरने कवळी केली त्याच्यासमोर पेशंट 'छान बसलीय डॉक्टर' याशिवाय काही बोलत नाही. दुसऱ्या विभागातल्या इंटर्नला शिकवून तयार करा, खोली वेगळी ठेवा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना सगळ्यांना एकाच पद्धतीने वाचून दाखवा. बरोबर आलेल्या मुलाला बाहेर बसवा. नाहीतर उत्तरं तोच देतो.

फक्त प्रश्नावलीवर भागवू नका, चावण्याची एक चाचणी जोडा. दोन रंगांचं च्युइंगगम २० वेळा चावायला द्यायचं, पारदर्शक पिशवीत काढून १ मिलीमीटर जाडीपर्यंत सपाट दाबायचं, दोन्ही बाजू त्याच दिवशी त्याच रिझोल्यूशनवर स्कॅन करायच्या आणि रंग किती मिसळले ते व्ह्यूगमसारख्या सॉफ्टवेअरवर मोजायचं. गम कवळीला चिकटणारं नको, आधी चार पेशंटवर बघून घ्या. ते मिळत नसेल तर शेंगदाणे आहेतच. सगळ्या अभ्यासासाठी एकाच वेळी भाजलेले, हवाबंद डब्यातले, साल काढलेले. एका वेळी ३ ग्रॅम, २० वेळा चावणं मोजून. मग सगळं भांड्यात थुंकायचं, चूळ भरायची, आणि कवळी काढून तिच्या खाली गेलेले कणही धुऊन घ्यायचे. हे शेवटचं विसरलं की सैल कवळीवाल्याचे कण हरवतात आणि त्याचा निकाल चुकतो. १० नंबरच्या, म्हणजे २ मिलीमीटर भोकाच्या चाळणीतून पाण्याखाली गाळा, दोन्ही भाग वाळवून वजन करा, आणि खाली गेलेला भाग एकूण मिळालेल्या वजनाच्या किती टक्के ते काढा. तीनदा करून सरासरी घ्या.

हाडाची झीज मोजायचीच असेल तर सहा महिन्यांत फार काही हाती लागत नाही हे आधी मान्य करा. पहिल्या वर्षानंतर दरवर्षी ०.२ मिलीमीटरपेक्षा कमी झीज हा १९८६ पासून वापरात असलेला निकष आहे, आणि एक्स-रेवर दोनदा मोजताना तुमच्या हाताची चूकच तेवढी असू शकते. एक्स-रे पॅरललिंग पद्धतीने (फिल्म इम्प्लांटला समांतर ठेवून) घ्या. झिजलेल्या खालच्या जबड्यात जिभेखालची जागा उथळ असल्याने फिल्म वाकडी बसते, म्हणून होल्डरला इम्प्लांटवर स्क्रूने बसणारी जिग जोडून घ्या. मॅग्निफिकेशन इम्प्लांटच्या लांबीवरून सुधारा: खरी लांबी १० मिलीमीटर, फिल्मवर ११.२, तर फिल्मवर १.४ दिसणारी झीज प्रत्यक्षात १.२५. दहा एक्स-रे दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मोजून आपलीच चूक किती ते थिसिसमध्ये लिहा. वारंवार सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढू नका. धातूभोवती सावली येते, आणि तेवढ्या रेडिएशनचं समर्थन करता येत नाही.

विश्लेषणातल्या दोन चुका आत्ताच सांगून ठेवतो, कारण त्या डेटा गोळा झाल्यावर सुधारत नाहीत. पंधरा पेशंटमध्ये दोन-दोन इम्प्लांट म्हणजे ३० नमुने नव्हेत. एकाच तोंडातले दोन इम्प्लांट एकाच माणसाची साखर, एकाच माणसाची मिश्री आणि एकाच माणसाची साफसफाई वाटून घेतात. एक तर दोन्हींची सरासरी काढून पेशंटमागे एकच आकडा घ्या, नाहीतर मिक्स्ड मॉडेल (एकाच पेशंटचे आकडे एकमेकांशी जोडलेले धरणारं विश्लेषण) करा. दुसरी चूक: 'इम्प्लांट गटात आधी-नंतरचा पी ०.०५ पेक्षा कमी, साध्या गटात नाही, म्हणून इम्प्लांट सरस.' ही तुलनाच नाही. दोन गटांतला फरक थेट काढा आणि ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो त्यासकट) लिहा. आणि ज्याचा इम्प्लांट निघाला तो पेशंट इम्प्लांट गटातच राहतो, त्याला गाळायचं नाही.

मिश्रीवरून आठवलं: तंबाखू-मिश्रीवाले सगळे वगळू नका. तसं केलं तर बऱ्याच ओपीडींत कुणी उरायचंच नाही, आणि निकाल तुमच्या खऱ्या पेशंटना लागू पडणार नाही. किती आणि किती वर्षं याची नोंद घ्या.

चिठ्ठ्यांचं काम असं करा. ४ आणि ६ च्या मिश्र ब्लॉकमध्ये (दर तुकडीत दोन्ही गट समसमान येतील अशी) यादी कॉम्प्युटरवर काढायची, आणि ती काढणारा अभ्यासात नसलेला कुणीतरी. जाड, आरपार न दिसणारी, क्रमांक घातलेली बंद पाकिटं. उघडण्याआधी वर पेशंटचा नोंदणी क्रमांक आणि तारीख लिहायची, मगच फोडायचं. पाकिटं तुमच्या ड्रॉवरमध्ये नकोत.

एथिक्स कमिटीची मंजुरी आली की सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत) नोंद करा. १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद झाली तर ती स्वीकारली जाते. 'नंतर बघू' केलं तर दारच बंद. पीजी थिसिसही त्यात येतो. संमतीपत्र मराठीत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा.

आता हे सगळं ३६ महिन्यांत बसतं का ते बघा. सिनॉप्सिस, मंजुरी, प्रश्नावली, सीटीआरआय यात नऊ महिने जातात. थिसिस परीक्षेच्या साधारण सहा महिने आधी द्यायचा, त्याआधी लिहायला तीन, म्हणजे सत्ताविसाव्या महिन्यात शेवटचं मोजमाप झालं पाहिजे. एका पेशंटला नवी कवळी दीड महिना, सवय दीड महिना, इम्प्लांट भरून यायला तीन, फॉलोअप सहा, असे बारा महिने लागतात. म्हणजे शेवटचा पेशंट पंधराव्या महिन्यापर्यंत आत यायला हवा. भरतीला मिळाले सहा महिने. ५४ पेशंट हवे असतील तर महिन्याला नऊ. ओपीडीचं रजिस्टर काढून मागच्या तीन महिन्यांत पूर्ण बिनदाती किती आले ते आजच मोजा, आणि त्यातले निम्मे निकषात बसणार नाहीत किंवा नको म्हणतील असं धरा. क्रॉसओव्हरमध्ये हाच एक पेशंट साडेपाच महिन्यांत पुरा होतो.

आणि इम्प्लांटचाच अभ्यास केलात तर माहितीपत्रात एक ओळ जास्त लिहा. कॅपमधलं नायलॉन वर्ष-दीड वर्षात सैल होतं, तोवर तुम्ही पास होऊन गेलेले असता. ते बदलून कोण देणार, कुठल्या खुर्चीवर, किती रुपयांत, आणि त्या बनावटीच्या कॅप विभागात ठेवल्या जाणार आहेत का, हे विभागप्रमुखांकडून लेखी घेऊनच पहिला इम्प्लांट बसवा.